डावा हात कुठं होता

आमच्या घरात कोंबड्याच्या आधी कानस जागी व्हायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, परड्यातल्या दगडावर बसून करवतीचे दात एकेक करून घासायचे, आणि तो किर्र किर्र आवाज चुलीच्या धुरासारखा घरभर पसरायचा. आई म्हणायची, या आवाजानं दूध नासतं. दूध कधी नासलं नाही. चुलीवर हुलग्याचं माडगं शिजायचं, त्यात लसूण ठेचून पडायची, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या मोजायची की आज किती दात घासून झाले. खानापूरच्या पलीकडं आमचं गाव, अर्धं रान आणि अर्धं भात. थोडं शेत आमचंही होतं, पण आप्पांची ओळख शेतकरी म्हणून नव्हती. भरमाण्णा म्हटलं की लोकांना झाडावरचा माणूस आठवायचा. आंबा, काजू, फणस, चिक्कू, कुणाचंही झाड माजलं की आप्पांना बोलावणं यायचं. करवत पाठीला, दोर खांद्याला, आणि तोंडात पान.

आम्ही दोघी बहिणी. मोठी सुमन, तिला मी आक्का म्हणायची. आक्का खानापुरात टायपिंगच्या क्लासला जायची आणि तिची परीक्षा बेळगावात होणार होती. परीक्षेचं तिनं एवढं मनावर घेतलं होतं की जेवतानाही तिची बोटं ताटाच्या कडेवर टकटक चालायची. आई तिला भांडी घासू द्यायची नाही, विळी धरू द्यायची नाही. ‘तिच्या दहा बोटांवर तिचं नशीब हाय’ असं आई शेजारणींना सांगायची. माझी पीयूसी, म्हणजे बारावी, होऊन गेली होती, आणि पुढं काय याचं उत्तर घरात कुणाकडंच नव्हतं. माझ्या बोटांची कुणाला फारशी काळजी नव्हती, म्हणून आप्पांच्या मागं फांद्या ओढायला मी जायची. आमच्या भागात बायामाणसंही ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. पुढं बेळगावात राहिल्यावर मला ‘जाते, करते’ म्हणायची सवय लागली, पण त्या दिवसांतलं बोलणं लिहिताना तोंडात जुनंच येतं, आणि मी ते तसंच ठेवणार आहे.

दसऱ्याच्या सुमाराला आप्पांना त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. कणकुंबीच्या रस्त्याला एक जुनी आंब्याची बाग होती. झाडं एवढी वाढली होती की शेंडे एकमेकांत गुंतून आत दिवसाही अंधार, आणि फळ म्हणाल तर वर चार, खाली काही नाही. बागेच्या मालकांना प्रत्येक झाडाचं पोट उघडून हवं होतं, म्हणजे मधल्या जाड फांद्या काढून आत ऊन सोडायचं. आणि हे सगळं मोहर फुटायच्या आत. आप्पा त्याच आठवड्यात बेळगावला गेले आणि रविवार पेठेतून नवी करवत घेऊन आले. कानडी पेपरात गुंडाळलेली, विळ्यासारखी किंचित वाकलेली, लाकडी मुठीची. आम्ही तिघी ती बघायला अशा जमलो जशी घरात नवी सून आली आहे. दुकानदारानं सांगितलं होतं की ही ओढताना कापते, ढकलायची नाही. आप्पांनी परड्यातल्या वाळलेल्या पेरूच्या फांदीला ती लावली आणि चार ओढीत फांदी खाली. जुन्या करवतीनं तीच फांदी कापायला एक पान खाऊन व्हायचं. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी ओढलं. पातं लाकडात शिरलं, पांढरा भुसा माझ्या पायावर पडला, आणि मला एवढं हसू आलं की आई म्हणाली, हिला काय झालं.

बागेतले पहिले दोन दिवस सणासारखे गेले. आप्पा वरून फांदी सोडायचे, मी खालून ती ओढून बांधाला लावायची. पलीकडच्या शेतात भाताची कापणी चालली होती आणि बायका गाणी म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी, न्याहारी झाल्यावर, आप्पा एका मध्यम फांदीवर काम करत होते. मी खाली उभी राहून बघत होते. त्यांचा डावा हात फांदीवरच होता, कापाच्या अगदी जवळ, जसा तो गेली पंचवीस वर्षं असायचा. जुनी करवत हळू चालायची, तिच्यापासून हात काढून घ्यायला वेळ मिळायचा. आणि जुनी ढकलतानाही कापायची. आप्पांनी सवयीनं करवत पुढं ढकलली, ती खाचेतून उसळली, आणि खाली आली ती डाव्या हातावर, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या जागेत.

आप्पा ओरडले नाहीत. ‘शालन, दोर धर,’ एवढंच म्हणाले आणि एका हातानं खाली उतरले. मी माझी ओढणी काढून त्यांच्या हातावर गच्च दाबली आणि हात वर धरायला लावला, डोक्याच्या वर. हे मला कुणी शिकवलं होतं म्हणून नाही, रक्त खाली येतं तर हात वर धरावा एवढंच सुचलं. ओढणी भिजली तेव्हा ती सोडली नाही, तिच्यावरच आप्पांच्या डोक्याचा पटका गुंडाळला. रस्त्याला दुधाचा टेम्पो मिळाला. कॅनच्या मधे बसून आम्ही खानापूरच्या दवाखान्यात गेलो, आणि सगळ्या वाटेनं मी त्यांचा हात वर धरून बसले. माझे दंड एवढे दुखले की दुसऱ्या दिवशी मला केस विंचरता येईनात.

डॉक्टरांनी टाके घातले. अंगठ्याची नस थोडक्यात वाचली होती, पण दोन महिने हाताला काम नाही असं सांगितलं. टाके घालताना शेजारी एक नर्सबाई उभ्या होत्या. उंच, चष्मा लावलेल्या, निपाणीकडच्या. त्यांचे आईवडील तिथं तंबाखूच्या वखारीत मजुरीला होते आणि त्या स्वतः दिव्याच्या उजेडात शिकून नर्स झाल्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी त्यांनी आप्पांना एकच विचारलं.

‘डावा हात कुठं होता?’

आप्पा म्हणाले, फांदीवर. नर्सबाईंनी मान हलवली, जशी उत्तर आधीच माहीत असलेला मास्तर हलवतो. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘सुगीच्या दिवसात हितं लई हात येतात. विळ्याचे, कोयत्याचे, करवतीचे. आनि सगळे डावे. उजवा कधी येत न्हाय. उजव्याला काम असतंय, डाव्याला नसतंय. म्हणून तो जिथं नको तिथं जातो.’

मला ते वाक्य परतताना वाटेत, नंतर घरी भाकरी खाताना, पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. माझ्या उजव्या हातात भाकरी होती. डावा मांडीवर पडला होता. मी त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं असेन.

दोन दिवसांनी मालकांचा निरोप आला. काम थांबलं आहे, मोहर थांबणार नाही, दुसरी माणसं बघावी का. पण सगळी माणसं भाताला लागली होती, पिकलेलं भात सोडून झाडावर कोण चढणार. आप्पा हात गळ्यात बांधून ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, ‘मी करतो.’

आईनं हातातली परात खाली ठेवली. एक हात गेला ते पुरं झालं नाही का, असं ती बराच वेळ बोलत राहिली, आणि शेवटी म्हणाली की पोरीच्या हाताला वण पडला तर कोण विचारणार तिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर परड्यात जमिनीवर एक जाड वाळकी फांदी दोन दगडांवर आडवी ठेवलेली, आणि तिच्या शेजारी आप्पा पाटावर बसलेले. नवी करवत त्यांच्या मांडीवर. ‘ये,’ म्हणाले. ‘आधी जिमिनीवर.’

आज मागं वळून बघताना वाटतं, माझ्या आयुष्यात मला एवढं चांगलं शिकवणारं दुसरं कुणी भेटलं नाही. पंचवीस वर्षं जे त्यांनी हातानं केलं होतं ते आता त्यांना तोंडानं सांगायचं होतं, आणि सांगता सांगता ते स्वतःच थांबायचे, कारण आपण स्वतः ते तसं करत नव्हतो हे त्यांना कळायचं. पहिल्या ओढी हलक्या, नुसती खाच पडेपर्यंत. खाच पडली की पातं आपोआप वाट धरतं. ढकलताना जोर नाही, ढकलणं म्हणजे नुसतं परत जाणं. फांदी तुटायला आली की जोर कमी, कारण शेवटच्या ओढीला लाकूड अचानक संपतं आणि हात पुढं जातो. जाड फांदी असली तर आधी खालून थोडी खाच, पाव भाग, जास्त नाही, आणि मग जरा पुढं जाऊन वरून. म्हणजे फांदी पडताना झाडाची साल सोलून नेत नाही. करवत बोथट झाली की थांबायचं, कारण बोथट करवतीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती उसळते. आणि करवत हातातून सुटली तर सुटू द्यायची. पकडायला जायचं नाही.

यातलं निम्मं नर्सबाईंचं होतं. एक दिवसाआड मी आप्पांना पट्टी बदलायला न्यायची आणि त्या पट्टी सोडवत असताना मी विचारायची, आणखी कुणाचा हात आला होता, कसा लागला होता. सुरुवातीला त्यांना नवल वाटलं. मग त्या माझी वाट बघायला लागल्या. एका माणसानं पडणारी करवत गुडघ्याशी धरली होती. एकाचे हात दवानं ओले होते. एक जण करवत उघडीच खांद्याला लावून झाडावरून उतरला आणि घसरला. एक बाई, स्वतःच्या घरचं मेहंदीचं कुंपण छाटत होती, बोलता बोलता तिनं डावा हात उजव्याच्या खालून पलीकडं नेला आणि तिथं करवत आली. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मी मनातल्या मनात विचारायची, डावा हात कुठं होता. घरी आल्यावर मी ते आप्पांना परत सांगायची, आणि आम्ही दोघं जमिनीवरच्या फांदीवर ते घडू नये म्हणून काय करायचं ते बघायचो. आप्पांना त्यात एवढी गोडी लागली की दुखणं विसरून ते पहाटे मलाच उठवायला लागले.

आई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी ती बेळगावला मावशीकडं गेली आणि येताना कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून मिलिटरीच्या बुटांचं जाड कातडं घेऊन आली. कुठल्याशा बुटाचा वरचा भाग. चांभाराकडून टोचणी आणून तिनं दोन दुपारी बसून एक हातमोजा शिवला. एकच, डाव्या हाताचा. बोटांपाशी कातडं, मनगटापाशी जुन्या जीनचं कापड, वर दोरी. माझ्यापुढं टाकून ती म्हणाली, मला काय कळत नाही असं समजू नका. नर्सबाईंना तो दाखवला तर त्यांनी उलटसुलट करून बघितला, शिवण ओढून बघितली, आणि म्हणाल्या की चांगला आहे, पण कातडं करवत अडवत नाही, नुसतं एका ओढीचं दुखणं कमी करतं. दुसरी ओढ तू थांबवायची.

दुसरं कुणी मिळेना म्हणून मालकांनी नाइलाजानं मला होकार दिला, मग आक्काचा प्रश्न आला. आप्पांनी सांगितलं होतं की झाडावर माणूस एकटं असू नये. आप्पांना हाताची जखम सांभाळायची होती, ते रोज येऊ शकत नव्हते. आक्का म्हणाली, मी येतो. आईनं तिच्या बोटांची शपथ घातली. आक्का म्हणाली, मी कशालाही हात लावणार नाही, नुसती खाली उभी राहीन आणि विचारत राहीन. आणि तसंच झालं. मी झाडावर चढायची, कंबरेचा दोर बुंध्याला बांधायची, म्यानातून करवत काढायची. आप्पांनी म्यान जुन्या पाइपचं केलं होतं. करवत फांदीला टेकवायच्या आधी खालून आक्का विचारायची, ‘डावा हात?’ आणि मी म्हणायची, ‘बुंध्यावर.’ मगच पहिली ओढ.

ते दिवस मला अजून एवढे लख्ख आठवतात की कधी कधी वाटतं, माझं तरुणपण म्हणजे तेवढेच दोन महिने. वर गेलं की वाऱ्याला लाकडाचा वास. कापलेल्या आंब्याच्या फांदीचा चीक, पांढरा, बोटाला चिकटणारा. एक फांदी खाली गेली की तिच्या जागी आकाशाचा तुकडा यायचा, आणि झाडाच्या पोटात, जिथं वर्षानुवर्षं ऊन पोचलं नव्हतं तिथं, खोडावर उन्हाचा पट्टा पडायचा. मी ओरडून आक्काला दाखवायची. ती वर बघायची, तिची बोटं परकराच्या घडीवर टाइप करत असायची. पलीकडच्या भातातल्या बायकांनी आमचं हे ऐकलं आणि तिसऱ्या दिवसापासून त्याही विळा चालवताना एकमेकींना विचारायला लागल्या, ‘डावा हात?’ आणि दुसरी म्हणायची, ‘धाटाला गं.’ मग सगळ्या हसायच्या. एक म्हातारी म्हणाली, माझा डावा हात सासूच्या घरीच राहिला, तेव्हा तर सगळं रान हसलं. पण नर्सबाईंनी मला नंतर सांगितलं की त्यानंतर त्या सुगीत आमच्या बाजूनं एकही हात त्यांच्याकडं आला नाही. आता त्या गमतीनं म्हणाल्या का खरं, मला आजही माहीत नाही.

मी आता बेळगावच्या विमानतळापाशी, सांबऱ्याला, लेकीकडं राहते. डोक्यावरून विमानं उतरतात, आणि परसात दोन पेरू आणि एक आंबा आहे. ते मीच छाटते. आता घडीच्या करवती आल्या आहेत, चाकूसारख्या मिटणाऱ्या. माझी नात ती उघडून खेळू बघते तेव्हा मी तिला शिकवलं आहे की पातं उघडलं की ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे, तो आवाज आल्याशिवाय करवत उघडली असं समजायचं नाही. नाहीतर ऐन ओढीत पातं बोटांवर मिटतं. ती मोबाइलवर झाडं छाटायच्या चित्रफिती बघते आणि मला दाखवते. मी नवी करवत बघत नाही. मी त्या माणसाचा डावा हात शोधत असते.

तर, मोठ्या झाडाचा दिवस. बागेच्या मधोमध सगळ्यात जुनं झाड होतं, मालकांच्या आजोबांनी लावलेलं. त्या दिवशी मालक स्वतः आले होते, बरोबर दोन पाहुणे. तोवर त्यांना माझ्या कामाची खात्री पटली नव्हती, पण उत्सुकता वाटायला लागली होती. पोरगी झाडावर चढते म्हणून त्यांनी पाहुण्यांना मुद्दाम आणलं असावं. मी वर होते. माझ्यापुढं मांडीएवढी जाड फांदी. खाली तीन माणसं माना वर करून उभी. मला एवढा जोर आला की सांगता येत नाही. मी खालून खाच घ्यायला सुरुवात केली, आणि पाव भागावर थांबायचं ते थांबले नाही. आणखी थोडं, आणखी थोडं, करवत छान चालली होती. अर्ध्यापर्यंत गेले तेव्हा फांदीचं वजन खाली बसलं आणि पातं आत चिमटलं. हलेना.

अशा वेळी काय करायचं ते मला पाठ होतं. करवत तशीच सोडायची, जुनी करवत दोरीनं वर घ्यायची, जरा पुढं जाऊन वरून कापायचं. फांदी पडते, पातं सुटतं. पण खाली पाहुणे होते. करवत अडकलेली दिसली तर ते काय म्हणतील, असं मला वाटलं. मी डावा हात बुंध्यावरून काढला आणि फांदीच्या खाली, खाचेच्या शेजारी लावला, फांदी वर उचलायला. म्हणजे खाच उघडेल आणि मी करवत ओढून काढीन.

खालून आक्कानं विचारलं, ‘डावा हात?’

‘बुंध्यावर,’ मी म्हटलं.

आणि ओढलं. खाच उघडली, पातं एकदम सुटलं, आणि माझ्याच ओढीच्या जोरानं आडवं होऊन डाव्या तळहातावरून गेलं. करवत खाली पडली. तेवढं मात्र मी नीट केलं, पकडायला गेले नाही. हातमोज्याचं कातडं बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत उघडलं होतं, आणि आत, तळव्यावर, एक बारीक लाल रेघ. एवढी बारीक की रक्त यायला थोडा वेळ लागला.

मी उतरले. मालक काहीतरी विचारत होते, पाहुणे पुढं आले होते. आक्कानं कुणाकडं बघितलं नाही. तिनं माझा हात धरला, हातमोजा उतरवला, तळवा उघडून बघितला, बोटं एकेक वाकवायला लावली. सगळी वाकली. तिनं पाण्यानं हात धुतला, तिचा रुमाल बांधला.

‘खोटं सांगितलंस,’ ती म्हणाली. ‘मी खाली काय देवळातली घंटा हाय काय? वाजायची म्हणून वाजतो?’

मग तिनं मालकांना सांगितलं की आज काम बंद. मालकांना आवडलं नाही. पाहुण्यांसमोर तर अजिबातच नाही. ते म्हणाले की मग ते लोंढ्याकडून माणसं बघतील. आक्का म्हणाली, बघा. आणि आम्ही दोघी चालत घरी आलो. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. मला हाताचं काहीच वाटत नव्हतं. आपण काम घालवलं, आणि आक्काशी खोटं बोललो, ही दोन दुखणी एकात एक गुंतली होती, कुठलं कुठलं ते कळत नव्हतं.

संध्याकाळी मी आप्पांना सांगितलं. सगळं, पाहुण्यांसकट. मला वाटलं ते करवत काढून घेतील. त्यांनी आपला पट्टीचा हात मांडीवर घेतला.

‘मला त्या दिशी कुणी इचारलं असतं,’ ते म्हणाले, ‘तर मी बी बुंध्यावर म्हणलो असतो.’

आई चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली आणि ऐकत राहिली. आप्पा म्हणाले की चूक पोरीची एकटीची नाही. विचारायची रीतच कच्ची आहे. तोंडाला खोटं बोलता येतं, झाडावरच्या माणसाला तर जास्तच, कारण त्याला काम संपवायचं असतं. हाताला खोटं बोलता येत नाही. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि घराच्या मधल्या खांबावर माझा डावा हात आपटायला लावला. थप, थप. दोनदा. ‘आक्का इचारंल तवा तोंडानं काय बी सांगू नको,’ म्हणाले. ‘हातानं सांग. बुंध्यावर दोन थापा. आवाज आला तर हात तिथं हाय. न्हाय आला तर आक्कानं खाली सोडलेला दोर ओढायचा, म्हंजे तू थांबायचं.’ आक्का कोपऱ्यात बसली होती. तिनं मला पुन्हा थापा मारायला लावल्या, डोळे मिटून ऐकल्या, आणि मग पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, हातमोजा घालून मार, तसा आवाज कसा येतो बघू. आईनं उसवलेला मोजा त्या रात्रीच शिवायला घेतला, आतून दुहेरी कातडं लावून. अर्ध्या तासात घरात आम्ही चौघंही जण खांबाला, दाराला, उखळाला थापा मारून आवाज ऐकत होतो आणि हसत होतो.

सकाळी आम्ही बागेत गेलो, आप्पाही आले. मालकांना लोंढ्याकडून माणसं मिळाली नव्हती, किंवा त्यांनी बघितलीच नव्हती. मी आदल्या दिवशीच्या झाडावर चढले. दोर बांधला. खालून आक्कानं विचारलं. थप, थप. पहिली ओढ. ती अर्धवट फांदी वरून कापली आणि ती खाली गेली तेव्हा त्या म्हाताऱ्या झाडाच्या पोटात एवढा उजेड शिरला की आप्पा खाली उभे राहून ‘आयला’ म्हणाले. त्या आठवड्यात माझं काम दुपटीनं झालं. घाई केली म्हणून नाही, थांबायचं कुठं ते कळलं म्हणून. बाग संपली तेव्हा थंडी पडली होती, आणि कडेच्या पहिल्या झाडांवर मोहराचे तुरे दिसायला लागले होते.

शेवटच्या दिवशी मालक आप्पांपाशी आले. आप्पांची पट्टी निघाली होती, अंगठा पुरता मिटत नव्हता, आणि पुढंही कधी मिटला नाही. मालक म्हणाले, ‘भरमाण्णा, फुडल्या वर्साला काजूची बाग हाय. मोठी. करशील न्हवं?’

आप्पांनी माझ्याकडं हात केला. ‘काम तिचं हाय,’ म्हणाले. ‘तिला इचारा.’

मालक माझ्याकडं वळले. काय बोलायचं ते मला आधी सुचलं नव्हतं, पण बोलताना अडखळले नाही. ‘येतो,’ मी म्हटलं. ‘पर खाली माणूस असल्याबिगर मी झाडावर चढत न्हाय. आनि झाड ओलं असलं तर त्या दिशी काम न्हाय.’

मालकांनी एकदा आप्पांकडं बघितलं. आप्पा झाडाकडं बघत होते.

‘बरं, शालनबाई,’ मालक म्हणाले.

आक्का परीक्षेत पास झाली आणि काजूच्या आधीच तिला बेळगावात ऑफिसात नोकरी लागली. त्यामुळं काजूच्या बागेत माझ्याबरोबर आई आली. पहिल्या झाडाखाली ती पदर खोचून, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मी अजून म्यानातून करवत काढली नव्हती, दोराची गाठ बघत होते, तेवढ्यात तिनं ‘डावा हात?’ असं एवढ्या मोठ्यानं विचारलं की पलीकडच्या माळावर चरणाऱ्या म्हशी मान वर करून आमच्याकडं बघायला लागल्या.